डॉक्टर यान इंगेनहाउस आणि शेवाळावरचे बुडबुडे

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कांठीं, कचराळी तलावांत, कल्याणच्या काळ्या तलावाच्या दगडांवर उन्हाळ्याच्या दिवसांत जें हिरवें बुळबुळीत शेवाळ धरतें, तें आमच्या वाचकांपैकीं कोणीं पाहिलें नाहीं असें व्हावयाचें नाहीं. त्यावरून मुलें घसरतात, वडील माणसें त्यास नांवें ठेवतात, आणि घरच्या पाण्याच्या टांकींत तें दिसलें कीं टांकी रिकामी करून घासण्याचें काम रविवारीं कोणाच्या तरी वांट्यास येतें. परंतु दुपारच्या उन्हांत स्वच्छ पाण्याच्या डबक्यापाशीं स्वस्थ बसून जो पाहील त्यास दिसेल कीं, या शेवाळावर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे जमतात, मोठे होतात, आणि एकामागून एक सुटून वर येतात. ढग आला कीं ते मंदावतात. अंधार पडला कीं थांबतात. ही गोष्ट हजारों वर्षें लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होती. त्या बुडबुड्यांचें उन्हाशीं काय नातें आहे हें सिद्ध करून दाखविणारा पुरुष अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुढें आला, आणि तो व्यवसायानें वैद्य होता. वरच्या वर्गांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत डॉक्टर यान इंगेनहाउस हें नांव एक-दोन ओळींत येऊन जातें आणि परीक्षा संपली कीं विसरलें जातें. त्यांचें चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण सूर्यप्रकाश, पाणी आणि शेवाळ यांपासून हायड्रोजन नांवाचें जळण मिळविण्याची जी खटपट आज अनेक देशांत चालली आहे, तिचें मूळ या वैद्याच्या एका उन्हाळ्यांतील श्रमांत आहे.

इंगेनहाउस यांचा जन्म इ. स. १७३० च्या डिसेंबर महिन्याच्या ८ तारखेस हॉलंडांतील ब्रेडा या गांवीं झाला. वडील चामड्याचे व्यापारी असून पुढें औषधांचाहि धंदा करीत. घराणें कॅथॉलिक होतें. त्या वेळच्या डच प्रजासत्ताकांत कॅथॉलिकांस सरकारी अधिकाराच्या जागा मिळत नसत. तेव्हां हुषार मुलानें वैद्यकीकडे वळावें हें स्वाभाविक होतें. लुवें येथील विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्यांनीं १७५३ सालीं घेतली, व नंतर लायडन येथें जाऊन मुशेनब्रोक या प्रसिद्ध पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाचीं व्याख्यानें ऐकलीं. विजेचा सांठा करणाऱ्या लायडनच्या बरणीशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे तेच हे मुशेनब्रोक. विजेची आवड त्यांना येथें लागली ती शेवटपर्यंत सुटली नाहीं. शिक्षण आटोपून ते ब्रेडा येथें परतले व रोगी पाहूं लागले. धंदा बरा चालत होता. वडील हयात असेपर्यंत त्यांनीं गांव सोडला नाहीं. आणि १७६४ सालीं वडील वारल्यावर, चौतिसाव्या वर्षीं, जग पाहण्यास ते निघाले.

प्रथम ते इंग्लंडांत गेले. तेथें जॉन प्रिंगल नांवाचे मोठे वैद्य त्यांच्या घरोब्यांतले होते. पूर्वीं एका युद्धांत इंग्रजी सैन्याबरोबर ते हॉलंडांत असतां या कुटुंबाची व त्यांची ओळख झाली होती. इंग्लंडांत जाण्याचा हेतु देवी काढण्याची विद्या शिकणें हा होता. येथें आमच्या लहान वाचकांसाठीं दोन शब्द अधिक लिहिणें जरूर आहे, कारण देवीचा रोग म्हणजे काय हें आजच्या मुलांस ऐकूनहि कळणें कठीण. आपल्या देशांत १९७५ नंतर हा रोग झालेला नाहीं, आणि १९८० सालीं तो साऱ्या जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. परंतु जुन्या पिढींतील कित्येकांच्या तोंडावर त्याचे वण होते, आणि कित्येकांची दृष्टि त्यानेंच गेली होती. अठराव्या शतकांतील उपाय असा असे : ज्या रोग्यास सौम्य देवी आल्या असतील त्याच्या फोडांतील लस घेऊन ती निरोगी माणसाच्या दंडास सुईनें टोंचावयाची. त्यास थोडा ताप येई, थोडे फोड येत, आणि मग जन्मभर तो रोगापासून सुटे. परंतु ही खऱ्या देवीचीच लस होती. टोंचलेल्यांपैकीं थोडे का होईना, मरत. आणि टोंचलेल्या मुलाकडून शेजारच्या न टोंचलेल्या मुलास रोग लागण्याचें भय असे. आपलें धडधाकट लेंकरूं असल्या सुईपुढें धरावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न त्या काळच्या आईबापांपुढें होता.

इंगेनहाउस यांचा हात लवकरच या कामांत इतका बसला कीं, हर्टफर्डशायर प्रांतांत सांथ आली असतां खेड्यापाड्यांतील सुमारें ७०० लोकांस टोंचण्याच्या मोहिमेंत त्यांनीं मोठा भाग घेतला. याच सुमारास ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या राजवाड्यांत देवीनें हाहाकार उडविला होता. १७६७ सालीं त्यांची सून गेली; विवाह ठरलेली मुलगी गेली; दुसऱ्या मुलीच्या मुखावर वण राहिले; खुद्द सम्राज्ञीहि त्याच रोगांतून मरतां मरतां वांचल्या. व्हिएन्ना येथील नामांकित वैद्य टोंचण्याच्या अगदीं विरुद्ध होते. तरीहि त्या मातेनें निश्चय केला आणि इंग्लंडच्या दरबाराकडे चांगला माणूस मागितला. प्रिंगल यांच्या शिफारशीवरून इंगेनहाउस यांची निवड झाली व १७६८ च्या उन्हाळ्यांत ते व्हिएन्ना येथें पोहोंचले.

राजपुत्रांच्या आधीं गरीब घरच्या मुलांवर प्रयोग झाले. ही गोष्ट चरित्रकार बहुधा झटकन सांगून पुढें जातात. आम्हांस ती तशी सांगवत नाहीं. राजवाड्यांतल्या मुलांसाठीं प्रथम झोंपडींतल्या मुलांनीं धोका पत्करावा, ही त्या काळची रीत होती. त्या मुलांच्या आयांची रात्र कशी गेली असेल हें कोणींहि लिहून ठेवलेलें नाहीं. एवढें मात्र खरें कीं, मुलें वांचलीं, आणि पुढें शोनब्रून राजवाड्यांत पहिल्या पासष्ट मुलांना मेजवानी देण्यांत आली, तेव्हां सम्राज्ञीनें स्वतः उभें राहून त्यांस वाढलें. मग राजपुत्र फर्डिनांड व मॅक्सिमिलियन यांस टोंचण्यांत आलें. एखादा राजपुत्र दगावता तर हा परका, तोही इंग्लंडहून आलेला वैद्य जिवंत परत जाता किंवा न जाता, पण युरोपच्या त्या भागांत पुढें कित्येक वर्षें कोणीं सुईस हात लावला नसता. तसें झालें नाहीं. राजपुत्र बरे झाले, आणि इंगेनहाउस यांस दरबारचे वैद्य नेमून सालीना ५००० गुल्डनचें वेतन आजन्म बांधून देण्यांत आलें. वयाच्या अडतिसाव्या वर्षीं पोटाची चिंता कायमची मिटली. पुढील तीस वर्षें त्यांनीं मन लावून केलें तें सर्व या वेतनाच्या आधारावर.

१७७५ सालीं त्यांचा विवाह आगाथा मारिया जाकॅं यांच्याशीं झाला. या बाई व्हिएन्नाचे प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ जाकॅं यांची बहीण. त्यांस मूलबाळ झालें नाहीं. मित्रपरिवार मात्र मोठा होता, व त्यांत अमेरिकेचे बेंजामिन फ्रँक्लिन अग्रस्थानीं होते. दोघांचीहि विजेवर भक्ति, दोघेहि बहुश्रुत. १७७१ सालीं त्यांनीं मिळून उत्तर इंग्लंडचा प्रवास केला, आणि पत्रव्यवहार तर फ्रँक्लिन यांच्या अखेरपर्यंत चालला. निरनिराळ्या धातूंच्या सळ्यांस मेण फांसून एक टोंक गरम पाण्यांत बुडवावयाचें, आणि कोणत्या सळीवरील मेण कोठपर्यंत वितळतें तें पाहावयाचें, हा प्रयोग अद्यापि शाळांत करतात. तो इंगेनहाउस यांनीं फ्रँक्लिन यांच्या सूचनेवरून केला होता.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टली नांवाचे एक धर्मोपदेशक होते, ज्यांचें निम्में आयुष्य प्रार्थनामंदिरांत आणि निम्में हवेच्या बरण्यांत गेलें असें म्हटल्यास फारसें चूक होणार नाहीं. १७७१ सालीं त्यांस आढळून आलें कीं, मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली तर कांहीं दिवसांनीं त्या हवेंत मेणबत्ती पुन्हां जळते. या शोधाबद्दल १७७३ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस कॉप्ली पदक दिलें. तें देणारे अध्यक्ष म्हणजे आमच्या ओळखीचे प्रिंगल. परंतु पुढें एक पंचाईत झाली. इतरांनीं तोच प्रयोग केला तेव्हां कोणास तो साधे, कोणास साधत नसे. खुद्द प्रीस्टली यांसहि दर वेळीं तें फळ मिळेना. कधीं वनस्पति हवा सुधारी, कधीं उलट बिघडवी. याचें कारण काय? प्रीस्टली यांच्या बरण्यांत पाणी बरेच दिवस राहिलें म्हणजे एक हिरवा थर धरे आणि उन्हांत त्यांतून उत्तम हवा निघे, हेंहि त्यांनीं पाहिलें होतें. तो थर म्हणजे आपलें शेवाळच. पण ती वनस्पति आहे हें त्यांस पहिल्यानें पटेना. जिनीव्हाचे बॉने यांनीं तर पाण्यांतील पानांवरचे बुडबुडे त्याहूनहि पूर्वीं पाहिले होते; परंतु पाण्यांतलीच हवा पानास चिकटते असें म्हणून त्यांनीं तो विषय सोडून दिला होता.

इंगेनहाउस यांनीं हा गुंता सोडविण्याचें कित्येक वर्षें मनांत धरलें होतें. १७७९ सालीं दरबारची रजा घेऊन ते इंग्लंडांत आले असतां त्यांनीं लंडनच्या बाहेर एक घर घेतलें, आणि जून महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत तीन महिन्यांच्या आंत पांचशेंहून अधिक प्रयोग केले. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा आंकडा नीट वाचावा. दिवसास पांच-सहा प्रयोग. प्रत्येकांत पानें निवडावयाचीं, पाण्यानें भरलेल्या उपड्या बरणींत तीं घालावयाचीं, उन्हांत किंवा सावलींत ठेवावयाचीं, जमलेली हवा मोजावयाची, आणि ती किती शुद्ध आहे हें दुसऱ्या वायूशीं मिसळून पाहावयाचें. इंग्लंडचें ऊन ठाण्याच्या वैशाखासारखें हुकमी नसतें. ऊन पडेल तेवढा वेळ साधून घेणें भाग होतें.

यांतून जें निष्पन्न झालें तें असें. वनस्पति हवा सुधारतात त्या केवळ प्रकाशांत. अंधारांत त्याच वनस्पति हवा बिघडवितात. हें काम वनस्पतीचे हिरवे भाग करतात; मुळें, फुलें व फळें दिवसरात्र हवा बिघडवीतच असतात. आणि सूर्याचें तेज हें कारण आहे, त्याची ऊब नव्हें. हा शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत सुंदर वाटतो. एखादा साधा मनुष्य म्हणाला असता कीं, उन्हांत पाणी तापतें म्हणून बुडबुडे येतात. इंगेनहाउस यांनीं पानें विस्तवाजवळ उबेंत पण अंधारांत ठेवलीं. चांगली हवा निघाली नाहीं. एवढ्यानें ती शंका संपली. प्रीस्टली यांचे प्रयोग कधीं साधत, कधीं फसत, याचेंहि कारण उघड झालें : बरणी खिडकीपाशीं होती कीं कोपऱ्यांत, याची नोंद कोणीं ठेवली नव्हती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांचें पुस्तक लंडन येथें छापून निघालें.

रात्रीं झाडें हवा बिघडवितात हें वाचून लोक इतके घाबरले कीं, निजण्याच्या खोलींतील कुंड्या बाहेर काढण्याची टूम निघाली. आपल्याकडेहि रात्रीं चिंचेखालीं निजूं नये असें वडील माणसें सांगतात व कांहीं शिक्षक त्यास या शोधाचा आधार देतात. पालकांनीं याचें फार भय बाळगूं नये. एक कुंडी रात्रभर जेवढी हवा बिघडविते त्याहून कितीतरी अधिक त्याच खोलींत निजलेलें एक मूल बिघडवितें, आणि त्यास कोणी बाहेर काढीत नाहीं. इंगेनहाउस यांनीं या बाबतींत भीति जरा वाढवूनच सांगितली असें आमचें मत आहे.

येथें चरित्र थोडें बाजूस ठेवून, त्या बुडबुड्यांचें पुढें काय झालें तें सांगतों. इंगेनहाउस यांस बुडबुड्यांतील प्राणवायु कोठून येतो हें कळलें नव्हतें. हिरवें पान सूर्याच्या तेजानें पाणी फोडतें आणि प्राणवायु त्या पाण्यांतला असतो, हें ठाम रीतीनें ठरावयास १९४१ साल उजाडावें लागलें. पाणी म्हणजे प्राणवायु आणि हायड्रोजन यांचा संयोग. हायड्रोजनास आमच्या जुन्या शास्त्रीय ग्रंथांत उज्ज म्हणत. तेव्हां साहजिकच प्रश्न येतो कीं, प्राणवायु बुडबुड्यांतून बाहेर पडला, मग हायड्रोजनाचा भाग कोठें गेला? उत्तर असें कीं, वनस्पति तो वांयां जाऊं देत नाहीं. हवेंतील कर्बवायूशीं त्याची सांगड घालून ती साखर करते. भात, ऊंस, नारळ, आपलें सारें अन्न त्यांतून होतें. परंतु तो भाग साखरेकडे न वळतां वायुरूपानें बाहेर आला तर? हायड्रोजन उत्तम जळतो. वजनास वजन घेतल्यास पेट्रोलच्या सुमारें तिप्पट उष्णता देतो. आणि जळल्यावर त्याचें पुन्हां पाणीच होतें. धूर नाहीं, काजळी नाहीं.

असें खरोखर घडतें हें हान्स गॅफ्रॉन यांनीं दाखविलें. हे जर्मन शास्त्रज्ञ १९०२ सालीं पेरू देशांत जन्मले, बर्लिन येथें शिकले व नाझी राजवटींत, १९३७ सालीं, अमेरिकेस गेले. शिकागो येथें त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यास आढळलें कीं, सीनेडेस्मस नांवाचें सूक्ष्म हिरवें शेवाळ कांहीं वेळ प्राणवायूवांचून अंधारांत ठेवलें आणि मग उजेडांत आणलें, तर तें हायड्रोजन सोडूं लागतें. हा शोध १९४२ सालीं प्रसिद्ध झाला. त्या शेवाळाच्या पेशींत हायड्रोजनेज नांवाचें एक एन्झाइम असतें. तें हें काम करतें. पण त्यास प्राणवायूचें वावडें आहे. उजेड पडला कीं तेंच शेवाळ प्राणवायु सोडूं लागतें, आणि त्या प्राणवायूनेंच तें एन्झाइम थोड्या वेळांत निकामी होतें. एकाच घरांतील दोन भावांपैकीं एकानें चूल पेटवावी आणि दुसऱ्यानें त्याच वेळीं तींत पाणी ओतावें, असा हा प्रकार. तीन पिढ्यांचे शास्त्रज्ञ याच चुलीपाशीं अडकले आहेत.

२००० सालीं कॅलिफोर्नियाचे मेलिस व त्यांचे सहकारी यांनीं एक युक्ति प्रसिद्ध केली. क्लॅमिडोमोनस नांवाच्या शेवाळास त्यांनीं गंधक देणें बंद केलें. पाणी फोडणारें जें यंत्र पेशींत आहे तें उजेडानें सतत झिजतें व त्याची दुरुस्ती चालू ठेवण्यास गंधक लागतो. गंधक न मिळाल्यानें एका दिवसांत त्या यंत्राचा जोर इतका ओसरतो कीं, निघणारा सर्व प्राणवायु शेवाळ स्वतःच्या श्वासासाठींच वापरून टाकतें. बंद कांचपात्रांत प्राणवायु उरत नाहीं, एन्झाइम जागें होतें, आणि पुढें कांहीं दिवस हायड्रोजनाचे बुडबुडे येत राहतात. त्यानंतर शेवाळ उपासानें थकतें. त्यास पुन्हां गंधक देऊन धष्टपुष्ट करावें लागतें. याशिवाय नीलहरित शेवाळाचाहि मार्ग आहे. आनाबेना नांवाच्या जातींत पेशींची माळ असून तींतील कांहीं पेशी जाड भिंतीच्या असतात. त्यांत प्राणवायूस मज्जाव असतो, आणि तेथें हायड्रोजन निघतो. १९७४ सालीं अमेरिकेंतील प्रयोगांत या शेवाळानें प्राणवायु व हायड्रोजन एकाच वेळीं दिले. निसर्गानें दोन भावांस निरनिराळ्या खोल्या दिल्या आहेत!

मग हें जळण आमच्या रिक्षांत व बसगाड्यांत अजून कां नाहीं? गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब करून पाहावा. आमच्या भागांत एक चौरस मीटर जमिनीवर दिवसास सरासरी सुमारें पांच युनिट एवढी सूर्याची शक्ति पडते. शेवाळानें तिचा शंभरावा भाग हायड्रोजनाच्या रूपानें दिला असें धरूं. बाहेर मोकळ्यावर, दिवसेंदिवस, एवढें मिळणेंहि आज कठीण आहे. एक किलो हायड्रोजनांत सुमारें ३३ युनिट शक्ति असते. म्हणजे दिवसास एक किलो मिळण्यास ६६० चौरस मीटर, एका बऱ्यापैकीं इमारतीची सारी गच्ची, पारदर्शक बंद पात्रांनीं झांकावी लागेल. पावसाळ्याच्या चार महिन्यांचें काय तें निराळेंच. शिवाय पात्र उथळ नसेल तर वरच्या शेवाळाची सावली खालच्यावर पडते, आणि हायड्रोजन हा इतका हलका व निसटता वायु कीं, जरा फट मिळाली तर राहात नाहीं. भारत सरकारनें २०२३ च्या जानेवारींत जी हरित हायड्रोजनाची योजना मंजूर केली, तींत २०३० पर्यंत वर्षास ५० लक्ष टन हायड्रोजन तयार करण्याचें ठरलें आहे. पण त्यांतील मुख्य भिस्त सूर्य व वारा यांपासून केलेल्या विजेनें पाणी फोडण्यावर आहे, शेवाळावर नाहीं.

तरीहि शोध थांबलेला नाहीं, आणि तो फार दूरहि नाहीं. पवई येथील तलावाच्या पाण्यांतून मुंबईच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनीं एक नीलहरित शेवाळ वेगळें काढलें व २०१८ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. अनुकूल स्थितींत तें दोन-अडीच तासांत दुप्पट वाढतें. त्यांचा उद्देश हायड्रोजनाचा नव्हता, उपयुक्त रसायनें करण्याचा होता. परंतु इतक्या झपाट्यानें वाढणारी जात घाटकोपर आणि ठाण्याच्या मध्यें असलेल्या तलावांत निघावी, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जातां जातां एक सांगतों : तलाव झांकून टाकणारी जांभळ्या फुलांची जलपर्णी म्हणजे शेवाळ नव्हें. प्रदर्शनांत तिची बाटली ठेवून वर शेवाळ अशी चिठ्ठी कोणीं लावूं नये.

आतां पुन्हां आमच्या वैद्याकडे येतों. शोधानंतरचीं त्यांचीं वर्षें सुखाचीं गेलीं असें म्हणवत नाहीं. प्रकाशाच्या शोधाचा मान कोणाचा, याविषयीं प्रीस्टली व त्यांच्यांत वाद माजला. हिरव्या थराचा प्रीस्टली यांनीं आधींच अभ्यास केला होता हें खरें; परंतु प्रकाश, हिरवा भाग आणि रात्रीचा उलटा व्यवहार हें सारें एकत्र बांधून दाखविलें तें इंगेनहाउस यांनींच, असें आम्हांस वाटतें. जिनीव्हाचे पाद्री सेनेबिए यांनींहि १७८२ सालीं या विषयावर मोठा ग्रंथ काढला, व कर्बवायूचें महत्त्व पुढें आणलें. इंगेनहाउस पुष्कळ दिवस तें मानावयास तयार नव्हते. शेवटीं १७९६ सालीं इंग्लंडच्या शेतकी मंडळासाठीं लिहिलेल्या एका निबंधांत त्यांनीं स्वतःच मांडलें कीं, वनस्पतीच्या देहांतील कर्ब हवेंतील वायूंतून येतो. पासष्ट वर्षें उलटल्यावर जुनें मत टाकून नवें घेणें सोपें नसतें.

१७८८ सालीं त्यांनीं व्हिएन्ना सोडलें. पत्नी मागें राहिल्या. पुढच्या वर्षीं जुलैच्या १४ तारखेस पॅरिस येथें बास्तीलचा तुरुंग पडला तेव्हां ते त्याच शहरांत होते. दरबारचे वेतन खाणाऱ्या मनुष्यास तेथें राहणें धोक्याचें होतें. ते हॉलंडमार्गें इंग्लंडांत गेले. युरोपभर युद्धें पेटलीं, प्रकृति ढांसळली, आणि पतिपत्नींची पुन्हां भेट झाली नाहीं. प्रीस्टली यांचेंहि घर १७९१ सालीं बर्मिंगहॅमच्या दंगलींत जळालें व तीन वर्षांनीं ते अमेरिकेस गेले. ज्यांनीं हवेच्या शुद्धतेवरून वाद घातला ते दोघेहि उतारवयांत परागंदा झाले.

अखेरच्या दिवसांत इंगेनहाउस यांस विल्टशायर प्रांतांतील बोवूड या वाड्यांत आश्रय मिळाला. हा वाडा लॅन्सडाउनच्या सरदारांचा. याच वाड्यांत, त्याच सरदारांच्या पदरीं असतां, प्रीस्टली यांनीं १७७४ च्या ऑगस्टांत प्राणवायु वेगळा काढला होता. येथेंच १७९८ सालीं एडवर्ड जेन्नर या खेडेगांवच्या वैद्याचें एक लहानसें पुस्तक त्यांच्या हातीं आलें. त्यांत लिहिलें होतें कीं, गाईच्या देवीची लस टोंचली असतां माणसास खरी देवी येत नाहीं. तीस वर्षें खऱ्या देवीची लस टोंचण्यांत ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यांस हें रुचलें नाहीं. गाईची देवी येऊन गेल्यावरहि खरी देवी आलेला एक शेतकरी आसपास असल्याचें त्यांनीं ऐकलें, आणि जेन्नर यांस आपला आक्षेप लिहून कळविला. जेन्नर यांस त्याचें दुःख झालें, कारण एवढ्या मोठ्या वैद्याचा शब्द लोक मानतील हें त्यांस ठाऊक होतें. पांचशें प्रयोग केल्यावांचून ज्यांनीं पानाविषयीं मत दिलें नाहीं, त्यांनीं एका शेतकऱ्याच्या हकीकतीवरून गाईच्या लसीविषयीं मत द्यावें याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. परंतु तसें घडलें खरें.

इंगेनहाउस १७९९ च्या सप्टेंबर महिन्याच्या ७ तारखेस बोवूड येथें वारले. त्यांस जवळच्या कॅल्न गांवच्या सेंट मेरीच्या मंदिरांत पुरण्यांत आलें. पुढील वर्षीं व्हिएन्ना येथें त्यांच्या पत्नीहि निवर्तल्या. ज्या शहरांत त्यांनीं राजपुत्रांस टोंचलें होतें, त्याच व्हिएन्नाचे एक वैद्य, डॉक्टर द कारो, यांनीं जेन्नर यांची गाईची लस कॉन्स्टँटिनोपलच्या मार्गें बगदादकडे पाठविली. तेथून ती बसऱ्यास व बसऱ्याहून जहाजानें मुंबईस आली. आणि १८०२ च्या जून महिन्याच्या १४ तारखेस ॲना डस्थॉल नांवाच्या एका नोकराच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती लागू पडली. हिंदुस्थानांत गोस्तनदेवी यशस्वी रीतीनें टोंचलेलें हें पहिलें मूल. तिच्या दंडावरील लस घेऊन मुंबईंतील आणखी मुलांस टोंचण्यांत आलें. इंग्लंडांत इंगेनहाउस यांची जुनी रीत १८४० सालीं कायद्यानें बंद झाली.